आधारची झेरॉक्स देताय? थांबा जरा

आजचा विषय दवाखान्याचा आहे, पण डॉक्टरांचा नाही. खिडकीतून आपण जो कागद आत सरकवतो, त्या कागदाचा आहे.

आपल्या सोलापुरात उपचाराला कोण कोण येतं बघा. अक्कलकोट, मोहोळ, मंगळवेढा, पार इंडी-विजापूरकडची माणसं. सोबत जेवणाचा डबा आणि प्लास्टिकच्या पिशवीत अख्ख्या घराची कागदपत्रं. कुणी "आधार द्या" म्हटलं की पिशवीच पुढे!

ओळखपत्र मागतात ते उगाच नाही. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना घ्या. २०१२ मध्ये ती राजीव गांधींच्या नावाने सुरू झाली, तेव्हा पहिल्या आठ जिल्ह्यांत सोलापूर होतं. आता तिच्यात वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार होतात. पण ते कुटुंबाला, माणशी नाही. म्हणून एखादा पाहुणा "तुझं कार्ड दे की, एकदाच" म्हणाला, तर गुन्हा तर आहेच, शिवाय तुमच्या आईच्या ऑपरेशनचे पैसे त्याच्यावर खर्च होतात. आणि त्याचा रक्तगट, त्याची शुगर तुमच्या नावावर नोंदली जाते. उद्या तुम्हाला बेशुद्ध आणलं आणि डॉक्टरांनी तीच फाइल उघडली तर? मला पैशापेक्षा याची जास्त भीती वाटते.

हे कागदी भय नाही. २०२३ मध्ये 'कॅग'ने आयुष्मान भारतची तपासणी केली, तर ९९९९९९९९९९ या एकाच मोबाइल नंबरला जवळपास साडेसात लाख लाभार्थी जोडलेले निघाले. तुमच्या कार्डाला कुणाचा नंबर आहे, ते एकदा बघाच. ओटीपी तिकडेच जातो.

पूर्व भागातल्या मित्रांची वेगळीच अडचण. रेशनकार्डावर आडनाव आधी, आधारवर शेवटी, इंग्रजी स्पेलिंग तिसरंच. ते दुरुस्त करायचं तर आत्ता, घरात सगळे धडधाकट असताना. ऐन वेळी आरोग्यमित्र तरी काय करणार?

अपघात झाला आणि खिशात काहीच नाही, तर? आधी उपचार. सुप्रीम कोर्टाने १९८९ मध्येच परमानंद कटारा खटल्यात सांगितलंय, जीव वाचवणं पहिलं, बाकी सोपस्कार नंतर. हे पाठ करून ठेवा.

योजनेच्या पडताळणीला पूर्ण नंबर द्यावा लागतो, त्याला इलाज नाही. पण साध्या ओपीडीला, लॅबला मास्क्ड आधार द्यायला काय हरकत आहे? त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. यूआयडीएआयच्या साइटवरून फुकट निघतं. झेरॉक्स द्यायचीच असेल तर तिच्यावर पेनने आडवं लिहा: कुठल्या दवाखान्यासाठी, कशासाठी, तारीख. बोटांचे ठसे लॉक करता येतात. आधार कुठे कुठे वापरलं गेलं तेही तिथंच दिसतं. काही खटकलं तर १९४७. पैसे गेले असतील तर १९३०, आणि तेही लगेच, जेवून-बिवून नाही.

आणि हो, झेरॉक्सवाल्याला व्हॉट्सअ‍ॅपवर आधार पाठवलं असेल, तर प्रिंट निघाल्यावर त्याच्या कॉम्प्युटरमधून समोरच डिलीट करायला लावा. वैतागेल तो. वैतागू दे.