कागद कार्यालयाचा कमी झाला, माणसाचा नाही

(रत्नागिरीतील मांडवी येथे स्थानिक संस्थांचे सचिव, लिपिक आणि कार्यकर्ते यांच्यापुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



मांडवीच्या किनाऱ्यावर बसून कागदाविषयी बोलायचे म्हणजे थोडी गंमतच आहे. तुमच्यापैकी ज्यांनी संस्थेचे दप्तर सांभाळले आहे, त्यांना खारा वारा कागदाचे काय करतो हे सांगायला नको. दोन पावसाळ्यांत टाचणी गंजते, गंजाचा डाग नेमका सहीवर उतरतो आणि पाने एकमेकांना चिकटतात. उरलेले काम वाळवी करते. चिपळूणच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरात 2005 च्या आणि पुन्हा 2021 च्या पुराचे पाणी शिरले, तेव्हा ग्रंथसंपदेचे केवढे नुकसान झाले ते आपल्या जिल्ह्याने पाहिले आहे. आगीचे उदाहरण हवे असेल तर 21 जून 2012 रोजी मंत्रालयाला लागलेली आग आठवा. वरचे मजले जळाले, माणसे गेली आणि असंख्य फायलीही गेल्या. त्यानंतर राज्यात ई-ऑफिसची चर्चा जोरात सुरू झाली.

तेव्हा संगणक हवा की नको, हा आजचा प्रश्न नाही. संगणक येऊनही कागद कमी का होत नाही, हा प्रश्न आहे.

'कागदविरहित कार्यालय' ही कल्पना जुनी आहे. 1975 मध्येच अमेरिकेतल्या 'बिझनेस वीक' मासिकाने भविष्यातल्या कार्यालयावर लिहिताना ती मांडली होती. पुढे ॲबिगेल सेलेन आणि रिचर्ड हार्पर या अभ्यासकांनी कार्यालयांत बसून निरीक्षण केले, तर ईमेल आल्यावर कागद कमी होण्याऐवजी वाढलेला त्यांना दिसला. कारण साधे आहे. पत्र पडद्यावर येते, पण साहेबांना हातात हवे असते. फाईलला एक, टेबलावर एक आणि 'असू द्या' म्हणून आणखी एक प्रत निघते. प्रिंटर स्वस्त झाला तशी ही 'असू द्या' प्रत वाढली.

माझ्या खालाची गोष्ट सांगतो. खालू वारल्यावर तिने निराधार अनुदानासाठी अर्ज केला. अर्ज ऑनलाईन होता. केंद्रावर पैसे देऊन तो भरला, कागदपत्रे स्कॅन करून चढवली. मग निरोप आला की अर्जाची प्रिंट आणि सगळ्या कागदांच्या दोन-दोन प्रती कार्यालयात जमा करा. तिथे उत्पन्नाच्या दाखल्यावर शंका निघाली. दाखला डिजिटल सहीचा होता, पण समोरचे गृहस्थ म्हणाले, "यावर गोल शिक्का कुठे आहे? मारून आणा." खाला सत्तरीला टेकलेली, एसटीने येणारी. तिसऱ्या खेपेला तिची प्लॅस्टिकची पिशवी माझ्या हातात आली. त्यात एकाच रेशनकार्डाच्या सात झेरॉक्स होत्या. त्या कार्यालयाचे कपाट मात्र खरेच रिकामे होत होते. ते कोणते कार्यालय, ते जाऊ द्या. अशी पुष्कळ आहेत.

कार्यालयातला कागद नाहीसा झाला नाही, तो खालाच्या पिशवीत गेला, आणि त्याचा खर्चही तिच्याच पदरात पडला.

कायदा याच्या बाजूने नाही. माहिती तंत्रज्ञान कायदा 2000 चा आहे आणि इलेक्ट्रॉनिक नोंदीला व डिजिटल सहीला त्याने तेव्हाच मान्यता दिली. डिजिटल सहीचा सातबारा 2018 पासून मिळतो, त्यावर तलाठ्याचा शिक्का लागत नाही. डिजिलॉकरमध्ये शासनाने दिलेला दाखला मूळ प्रतीच्या बरोबरीचा मानायचा, असा नियम आहे. साक्षांकनासाठी अधिकाऱ्याच्या दारात उभे राहायची गरज राज्याने 2015 मध्येच बहुतेक ठिकाणी काढून टाकली आणि स्वतःची सही पुरेशी ठरवली. अडते ते टेबलापाशी. शिक्का नसलेला कागद घेतला आणि उद्या चौकशी लागली तर, ही भीती लिपिकाला असते, आणि ती खोटीही नाही. ती घालवायची तर 'डिजिटल सहीचा दाखला स्वीकारावा' असा लेखी आदेश वरून त्याच्या हातात पडला पाहिजे.

आपल्यापैकी बऱ्याच घरांतले कोणी ना कोणी आखातात आहे. दुबई सरकारने 2018 मध्ये कागद बंद करण्याचे धोरण आखले आणि डिसेंबर 2021 मध्ये ते पूर्ण झाल्याचे जाहीर केले. 33 कोटी 60 लाखांहून जास्त कागद वाचल्याचा त्यांचा दावा आहे. तिथून सुट्टीवर आलेला आपला मुलगा विचारतो, तिकडे फोनवर होते ते इथे का होत नाही? त्याला सांगायला हवे की तिथे कार्यालयाला नागरिकाकडे कागद मागायचीच सोय ठेवली नाही. अर्थात तिथल्यासारखा वरून हुकूम सुटणे आणि आपल्याकडे ग्रामपंचायतीपासून मंत्रालयापर्यंत सगळ्यांची संमती घडवणे यांत फरक आहेच. मला आपलीच पद्धत पसंत आहे, वेळ लागला तरी.

ई-ऑफिसचा मला सर्वांत मोठा फायदा वाटतो तो कागदाच्या बचतीचा नाही. फाईल कोणाकडे गेली, कधी गेली, किती दिवस पडून राहिली, याची नोंद त्यात आपोआप राहते. 'फाईल सापडत नाही' हे वाक्य बोलता येत नाही. ते वाक्य ऐकत ज्यांची वर्षे गेली, त्यांना या एका गोष्टीची किंमत कळेल. महाराष्ट्र लोकसेवा हक्क कायदा 2015 चा आहे. त्यात अधिसूचित सेवांना मुदत ठरलेली आहे आणि मुदत टळली तर अपील करता येते. मुदत कोणाच्या टेबलावर टळली, हे नोंदीशिवाय सिद्ध कसे करणार?

आता आपल्याकडे येऊ. सरकारला बोलणे सोपे असते. आपल्या जमाती, शाळा, पतसंस्था, मच्छीमार सोसायट्या काय करतात? नऊ जणांची कमिटी, महिन्याला बैठक, प्रत्येकाला बारा पानांचा अहवाल. हिशेब करा, वर्षाला 1296 पाने, म्हणजे अडीच रिमांहून जास्त. त्यातली किती वाचली जातात, ते अध्यक्षांनी मनाशीच ठरवावे. दुसऱ्या टोकाला काही संस्थांनी सगळा कारभार व्हॉट्सॲपवर नेला आहे. ग्रुपवर टाकलेली नोटीस म्हणजे दप्तर नव्हे. सचिवाचा मोबाईल समुद्रात पडला की संस्थेचा इतिहासही बुडतो. खाते संस्थेच्या नावावर हवे, पासवर्ड दोघांकडे हवा आणि प्रत दोन ठिकाणी हवी. लोकांच्या आधारकार्डांचे फोटो ग्रुपवर फिरवणे तर आजच बंद करा. क्रमांक झाकलेले आधार मिळते, ते मागा.

2025 मध्ये उमीद पोर्टलवर वक्फ मिळकतींची माहिती सहा महिन्यांत चढवायची वेळ आली. त्या कायद्याचा वाद वेगळा, तो आज इथे नको. पण ज्यांचे कागद आधीच स्कॅन करून क्रमाने लावलेले होते ते निर्धास्त होते. बाकीचे आजोबांच्या ट्रंका उपसत होते.

आणि कृपा करून उत्साहाच्या भरात जुने काही रद्दीत घालू नका. निकाहाचे रजिस्टर, खरेदीखत, जुना फेरफार, मोडीतला एखादा कागद, यांची स्कॅन प्रत करायची ती मूळ वाचवण्यासाठी. एखाद्या विधवेला लग्नाचा पुरावा त्या रजिस्टरातल्या एका ओळीतच सापडतो. बायकांच्या बाबतीत ती ओळ बहुतेकदा एकमेव असते. शाळेतली पटनोंदवही तशीच. बंद करायचा तो उद्या छापला जाणारा कागद.

म्हणून प्रत्येक संस्थेने एवढेच ठरवावे. येत्या महिन्यात आपण लोकांकडून कोणकोणते कागद मागतो त्याची यादी करा आणि जो कागद आपल्याकडे आधीच आहे तो पुन्हा मागणे थांबवा. मागच्या वर्षीचा विद्यार्थी याही वर्षी आपलाच आहे, त्याचा जन्मदाखला बदललेला नाही.

काही जणांनी सांगितल्याप्रमाणे आपापली रजिस्टरे बरोबर आणली आहेत. चहा झाल्यावर खिडकीजवळ उजेडात बसू. गंजलेल्या टाचण्या आधी काढून घ्या, ओढू नका, पान फाटते. मोबाईलवर सरळ स्कॅन कसे घ्यायचे आणि फाईलला नाव कसे द्यायचे ते तिथेच दाखवतो.