‘तुझ्या घरी सांगेन’

समोर दहावी-बारावीच्या मुलांचे आईवडील बरेच दिसतात, म्हणून थेट मुद्द्यावर येते. कोवळ्या वयातल्या प्रेमप्रकरणांत मारहाण होते, धाक घातला जातो, पाळत ठेवली जाते. आपण त्याबद्दल बोलत नाही, कारण मुळात ते प्रकरणच आपल्याला मान्य नसतं. छळणारा नेमका याचाच फायदा घेतो.

सुरुवात थपडेनं होत नाही. ‘ऑनलाइन होतीस, मग रिप्लाय का नाही दिलास?’ ‘लोकेशन पाठव.’ ‘पासवर्ड दे, लपवायचंय काय?’ सोळा वर्षांच्या मुलीला यात प्रेमच दिसतं. मैत्रिणीही ‘किती पझेसिव्ह आहे गं’ म्हणून कौतुक करतात. पुढे त्या मैत्रिणी तुटतात, क्लासला काय घालायचं ते तो ठरवू लागतो, एके दिवशी जिन्यात हात पिरगाळतो. ती नको म्हणाली, की ‘मी स्वतःला काहीतरी करून घेईन’, नाहीतर ‘तुझ्या घरी सांगेन, फोटो आहेत माझ्याकडे’. ही दुसरी धमकी मला अधिक भयंकर वाटते, कारण तिचं बळ आपण पुरवलेलं असतं. मार खाल्ल्याचं सांगायचं तर आधी प्रेमात पडल्याचं सांगावं लागतं. ते सांगितलं की फोन जाणार, क्लास बंद होणार, काही घरांत तर स्थळं बघायला सुरुवात होणार. मुलगी हा सगळा हिशेब करते आणि मार सोसते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या विश्लेषणानुसार, नात्यात असलेल्या किंवा राहिलेल्या किशोरवयीन मुलींपैकी सुमारे २४ टक्के मुलींना विशी गाठेपर्यंत जोडीदाराकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसावी लागते. यात लग्न झालेल्याही आल्या. पुढे मनाचं काय होतं? एक्सनर-कॉर्टेन्स आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या मुलामुलींची पाच वर्षांनंतरची स्थिती तपासून २०१३ मध्ये निष्कर्ष मांडले. छळ सोसलेल्या मुलींमध्ये नैराश्याची लक्षणं, धूम्रपान, अतिमद्यपान आणि आत्महत्येचे विचार जास्त आढळले. मुलग्यांमध्येही आत्महत्येचे विचार आढळले, हे मुद्दाम सांगते. ‘पोरीनं मारलं’ असं कोणत्या मुलाला आपण बोलू देतो? शिवाय दोघांच्याही मोठेपणीच्या नात्यांत पुन्हा हिंसा येण्याची शक्यता वाढलेली होती.

आपल्याकडे आणखी एक पेच आहे. २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार अठरा वर्षांखाली संमती ग्राह्य नाही आणि लैंगिक गुन्हा कळला तर पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. लहानांना ओरबाडणाऱ्यांविरुद्ध हा कायदा हवाच. पण सतरा वर्षांच्या मुलांना हे कळलं की ती समुपदेशकाच्या दारावरूनच परत फिरतात. म्हणून काय गुप्त राहील आणि काय राहणार नाही, हे मुलांना बोलतं करण्याआधीच स्वच्छ सांगायला हवं.

मुलग्यांशी बोलायचं कुणी? मुंबईत ‘परिवर्तन’ नावाचा उपक्रम झाला. मूळ कल्पना अमेरिकेतली, ती इथे क्रिकेटच्या प्रशिक्षकांमार्फत राबवली गेली: शाळांच्या संघांत आणि गोवंडीच्या शिवाजीनगरमध्ये. मुलींशी कसं वागायचं, राग आला तर काय करायचं, हे सरांनीच मैदानावर बोलायचं. मुलांच्या दृष्टिकोनात फरक पडला. वागण्यातला बदल मात्र तितका ठळक नव्हता. तरी मला ही वाट पटते. त्या वयात वडिलांपेक्षा सरांचं म्हणणं मनात उतरतं.

आणि आपण घरातली माणसं? मुलीनं तोंड उघडलं तर ‘तू तिथे गेलीसच का’ हा प्रश्न गिळून टाका. ‘सांगितलंस हे बरं केलंस’ एवढं आधी म्हणा. फोन हिसकावू नका, मेसेज पुसू नका. ते पुरावे आहेत. फोटोची धमकी असेल तर सायबर हेल्पलाइन १९३०, मुलांसाठी १०९८, मन फार खचलं असेल तर टेलिमानसचा १४४१६. नातं तोडल्यानंतरचे काही आठवडे सर्वांत धोक्याचे असू शकतात. त्या काळात क्लासची बॅच बदलून घ्या, जाता-येता कुणीतरी सोबत असू द्या, आणि सोबत कशासाठी आहे ते शेजारपाजारी सांगत बसू नका.