‘ऐकत नाही’ या तक्रारीचा दुसरा अर्थ



शाळेच्या हीरक महोत्सवात कान-नाक-घसा या विषयाचे प्रयोजन काय, असा प्रश्न काहींच्या मनात येणे स्वाभाविक आहे. विद्वान माणसाला मराठीत ‘बहुश्रुत’ म्हणतात. म्हणजे ज्याने पुष्कळ ऐकले आहे असा. पाढे, कविता, परवचा हे सारे धन मुलापर्यंत प्रथम कानावाटेच पोहोचते. म्हणून विद्येच्या सोहळ्यात कानाची आठवण अप्रस्तुत ठरू नये.

‘मूल ऐकत नाही’ ही घरोघरची जुनी तक्रार. या वाक्याचे दोन अर्थ होतात. मूल आज्ञा पाळत नाही हा एक, आणि त्याला ऐकू येत नाही हा दुसरा. पहिला अर्थ चटकन सुचतो. दुसऱ्याकडे लक्ष जाईपर्यंत शाळेचे एखादे वर्ष निघून गेलेले असते आणि मुलावर ‘ढ’ किंवा ‘हट्टी’ असा शिक्का बसलेला असतो.

कान, नाक आणि घसा यांचा विचार एकाच वैद्यकशाखेत होतो, याचे कारण शरीररचनेत आहे. मधल्या कानापासून नाकाच्या मागील पोकळीपर्यंत एक बारीक नळी जाते आणि तिच्यामुळे कानात हवा खेळती राहते. लहान मुलांत ही नळी आखूड व बरीचशी आडवी असते. सर्दी लांबली किंवा नाकामागील अ‍ॅडिनॉइड वाढले की ती तुंबते आणि पडद्यामागे चिकट द्रव साचतो. पुष्कळदा कान दुखत नाही, वाहत नाही, तापही नसतो. केवळ ऐकणे मंदावते. असे मूल ‘काय?’ म्हणून पुन्हा पुन्हा विचारते, टीव्हीचा आवाज वाढवते, तोंड उघडे ठेवून झोपते. बहुतेक मुलांत हा द्रव आपोआप ओसरतो. तीन महिने टिकल्यास मात्र श्रवणचाचणी आवश्यक ठरते. कानात तेल घालून किंवा काडी फिरवून पडद्यामागचा द्रव निघत नाही. इजा मात्र होऊ शकते.

जन्मजात श्रवणदोषाचा प्रश्न याहून गंभीर आहे. बेंगळूरुतील मराठी घरांत मूल उशिरा बोलू लागले, तर ‘घरात मराठी, अंगणात कन्नड, शाळेत इंग्रजी, बिचारे गोंधळले आहे’ असे समाधान करून घेतले जाते. वस्तुतः अनेक भाषांमुळे मूल मुके राहत नाही. भाषेला दोष देण्यापूर्वी कान तपासावा. नवजात बाळाची प्राथमिक श्रवणचाचणी ते झोपेत असताना काही मिनिटांत होते. पहिल्या महिन्यात चाचणी, तिसऱ्यापर्यंत निदान आणि सहाव्यापर्यंत उपचारास प्रारंभ, असा क्रम तज्ज्ञ सांगतात. श्रवणयंत्र किंवा कॉक्लियर इम्प्लांट वेळेवर मिळाले, की बहुतेक मुलांना बोलीभाषेची वाट मोकळी होते; विलंब झाला, तर भाषा शिकण्याची मोलाची वर्षे हातची जातात.

या कामी बेंगळूरुत निम्हान्समधील वाचा व श्रवण विभाग आहे. म्हैसूरची अखिल भारतीय वाक् व श्रवण संस्था 1965 पासून, तर मुंबईत वांद्रे येथील अलियावर जंग राष्ट्रीय संस्था 1983 पासून कार्यरत आहे.

आणखी एक गोष्ट गोंगाटाची. अंतर्कर्णातील सूक्ष्म केशपेशी एकदा नष्ट झाल्या, की माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी शाळेभोवतीचे 100 मीटर शांतता क्षेत्र मानले, ते उगीच नव्हे. मोठ्या मुलांच्या कानांतील इअरफोनचा आवाजही त्याच दृष्टीने पाहायला हवा.

माजी विद्यार्थी शाळेला हीरक महोत्सवाची भेट देऊ इच्छितात. दरवर्षी पहिलीत येणाऱ्या प्रत्येक मुलाची श्रवणतपासणी, ही ती भेट असू शकेल. खर्च थोडा, व्यवस्था सोपी. आणि मागच्या बाकावरच्या एखाद्या मुलाला त्यामुळे गुरुजींचा शब्द प्रथमच स्पष्ट ऐकू येईल.