लेकरं वाघ बघायला गेली



दिवसभर शेतात राबून तुम्ही रात्री वर्गाला येता. आज मी तुम्हाला आमच्या शाळेच्या सहलीची गोष्ट सांगतो. ऐका.

सातवीची सहल मुंबईला न्यायची ठरली. कुठे? राणीच्या बागेत. तिचं आजचं नाव वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान. लेकरांना वाघ बघायचा होता. मी म्हटलं, "वाघ बघू, पण झाडंही शिकू."

पालकांची सभा भरली. एक म्हातारे बाबा उठले. म्हणाले, "गुरुजी, झाडं बघायला मुंबईला कशाला? आपल्या बांधावर झाडं नाहीत का?" सगळे हसले. मला काही उत्तर सुचलं नाही.

लातूरला रात्री गाडीत बसलो, सकाळी मुंबईत उतरलो. भायखळा स्टेशनपासून बाग जवळच आहे. आत गेलो, तर काय गर्द सावली! ही बाग १८६२ साली सुरू झाली. सुरुवातीला ती झाडांचीच बाग होती. जनावरं मागाहून आली. म्हणून तिथे देशोदेशीची झाडं आहेत.

एक झाड दिसलं. खोड कणगीसारखं जाड. ती गोरखचिंच. ती मूळची आफ्रिकेतली. पाऊस पडला की ती खोडात पाणी साठवते. कोरड्या दिवसांत पानं गाळते आणि साठवलेल्या पाण्यावर तग धरते. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं, ते एका पोराने घरी ऐकलेलं होतं. तो म्हणाला, "गुरुजी, हे झाड म्हणजे पाण्याची टाकीच की!"

पुढे कैलासपती होता. त्याची फुलं खोडालाच फुटतात. फळ तोफेच्या गोळ्यासारखं. एकाने खाली पडलेलं फळ उचललं आणि विचारलं, "खाऊन बघू का?" मी त्याचा हात धरला. म्हटलं, "ज्याची माहिती नाही, ते तोंडात घालायचं नाही." हा नियम सगळ्यांनी वहीत लिहिला.

मग वाघ बघितला. एक मुलगी म्हणाली, "गुरुजी, वाघ तर पाला खात नाही. मग त्याला झाडाचं काय?"

मी विचारलं, "रानात वाघ काय खातो?"

"हरीण."

"हरीण काय खातं?"

"गवत, पाला."

"आणि पाला काय खातो?"

पोरं गप्प झाली. मी सांगितलं, "पाला कुणाला खात नाही. मुळं पाणी देतात, पान हवेतून वायू घेतं, वर ऊन असतं. त्यातून पान आपलं अन्न आपणच तयार करतं. हरणाचं पोट पानावर, वाघाचं पोट हरणावर. तुमची-माझी भाकरीसुद्धा ज्वारीच्या पानाने उन्हात केलेली कमाई आहे."

गावी परतलो. लेकरांना काम दिलं. बांधावरचं एकेक पान आणायचं, घरच्या मोठ्या माणसाला नाव विचारायचं आणि वहीत लिहायचं. ती वाघाची मुलगी त्याच म्हाताऱ्या बाबांची नात. बाबांनी तिला एका दिवसात चाळीस नावं सांगितली. त्यांना लिहिता येत नव्हतं. नात लिहीत गेली.

एका पानाशी बाबा थांबले. म्हणाले, "ही चंद्रज्योत. हिलाच मोगली एरंड म्हणतात. हिची बी विषारी. शेंगदाण्यासारखी लागते, म्हणून लेकरं फसतात."

नात म्हणाली, "आबा, मग ही शाळेच्या कुंपणाला का लावली?"

मंडळी, दोन वर्षांपूर्वी आमच्या शाळेतल्या चार लेकरांनी तीच बी खाल्ली होती. उलट्या, जुलाब, पोटात कळा. तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. वाचली, पण त्यांच्या आयांनी ती रात्र कशी काढली ते त्यांनाच ठाऊक. बाबांना त्या झाडाचं विष माहीत होतं, लेकरांना नव्हतं. मधे सांगणारा कुणी नव्हता. मी गुरुजी, पण मीही ते कुंपण रोज बघत होतो आणि गप्प होतो.

पुढच्या रविवारी आम्ही गावकऱ्यांनी मिळून ते कुंपण काढलं.

तुम्हीही ध्यानात ठेवा. लेकराने अशी बी खाल्ली तर घरगुती उपायात वेळ घालवू नका. १०८ ला फोन करा, दवाखाना गाठा. उरलेली बी सोबत न्या, म्हणजे डॉक्टरांना कळेल.

बाबांचं म्हणणं खरं होतं. झाडं बांधावरच होती. पण ती बघायची नजर लेकरांना राणीच्या बागेत मिळाली. मुंबई लांब पडते, खर्चही होतो. पण चाकूर तालुक्यात वडवळ नागनाथचं बेट आहे. बेट म्हणजे टेकडीच. औषधी वनस्पतींसाठी ते प्रसिद्ध आहे. पुढची सहल तिथे न्यायची आहे. मुलीलाही पाठवा. "पोरीला कशाला?" म्हणू नका. आमच्या कुंपणाचा प्रश्न पोरीनेच विचारला.

आता बाबा तुमच्यासारखेच रात्रीच्या वर्गाला येतात. नातीची वही उघडून बोट ठेवून वाचतात: क-डु-लिं-ब, बा-भू-ळ, च-न्द्र-ज्यो-त.

तुम्हाला किती झाडांची नावं येतात? आज घरी जाऊन दहा लिहा. आणि लेकरांना वाचून दाखवा.

रामराम!