कुंभार्लीने उतरा, आंब्याने चढा: धबधबे आणि गरम कुंडांची दोन दिवसांची सहल

(या भागाचं लिखित रूप. ऐकायला वेळ नसेल तर निवांत वाचा, आणि सहलीच्या ग्रुपवर टाका.)

 

पाऊस सुरू झाला की प्रत्येक व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज येतोच, "भावांनो, या वीकेंडला कुठेतरी जाऊया." मग चाळीस मेसेज, बारा रील्स, एक पोल. शुक्रवारी रात्री अकरा वाजता ठरतं की लोणावळा. शनिवारी सगळा दिवस ट्रॅफिकमध्ये, संध्याकाळी भजी, रात्री घरी. हे टाळायचं असेल तर आज मी तुम्हाला एक पूर्ण रूट देतो. पुण्याहून निघायचं, कुंभार्ली घाटाने कोकणात उतरायचं आणि दुसऱ्या दिवशी आंबा घाटाने वर यायचं. मध्ये तीन मोठे धबधबे आणि तीन ठिकाणची गरम पाण्याची कुंडं. एकूण अंतर साडेसहाशे ते सातशे किलोमीटर. दोन दिवसांत होतं, पण त्यासाठी प्लॅन लागतो.

आणि प्लॅन म्हणजे नुसती ठिकाणांची यादी नाही बरं का. मी पेशाने सॉफ्टवेअर इंजिनियर. आमच्याकडे नवीन कोड लाइव्ह करण्याआधी एक प्रश्न विचारतात, "गडबड झाली तर मागे कसं यायचं?" त्याचं उत्तर तयार नसेल तर कोड पुढे जात नाही. पावसाळी सहलीलाही हाच नियम लावायचाय. कसा, ते शेवटी सांगतो. आधी रूट.

शनिवारी पहाटे पाचला पुणे सोडा. पाच म्हणजे पाच, "निघालोच, पाच मिनिटं" नाही. सातच्या सुमारास साताऱ्यात नाश्ता. पुढे कराड. कराडला हायवे सोडून उजवीकडे पाटणच्या रस्त्याला लागायचं. इथून कोयना नदी सोबत येते. दहाच्या आसपास कोयनानगर. तिथून नवजा गावाच्या बाजूला ओझर्डे धबधबा आहे. हा भाग सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा शेजार, त्यामुळे वनखात्याचे लोक सांगतील तेवढंच पुढे जायचं. नवजाला किती पाऊस पडतो हे पावसाळ्यात बातम्या बघणाऱ्याला वेगळं सांगायला नको. महाबळेश्वरशी त्याची दरवर्षी स्पर्धा चाललेली असते.

मग कुंभार्ली घाट. उतरताना गाडी दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये ठेवा. सतत ब्रेकवर पाय ठेवला तर ब्रेक तापतात आणि नेमक्या वळणावर धरत नाहीत. धुकं असेल तर हेडलाइट लो बीमवर. हाय बीमचा उजेड धुक्यावर आपटून आपल्याच डोळ्यांत येतो. आणि चालत्या गाडीला चारही इंडिकेटर लावू नका. मागच्याला कळतच नाही की तुम्ही वळताय की थांबलाय.

दुपारी दीडपर्यंत चिपळूण. जेवण, थोडा आराम, आणि चारच्या सुमारास परशुराम घाटाच्या पायथ्याशी सवतसडा. हा धबधबा मुंबई–गोवा हायवेवरूनच दिसतो. सहा वाजता हॉटेलवर परत. मुक्काम चिपळूणला. खोली घेताना एकच गोष्ट विचारा, "पार्किंग उंचावर आहे का?" जुलै २०२१ मध्ये वाशिष्ठीचा पूर चिपळूणच्या बाजारपेठेत शिरला होता. तिथल्या माणसाला हा प्रश्न अजिबात विचित्र वाटणार नाही.

मुंबईकर मंडळींना एक पर्याय आहे. कोकण रेल्वेने थेट चिपळूणला या आणि पुण्याच्या मित्रांना तिथे भेटा. फक्त पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रक वेगळं असतं, गाड्या हळू धावतात. ते बघूनच तिकीट काढा.

आता रविवार. सकाळी सहाला निघा, कारण गरम कुंडांची खरी मजा गर्दीच्या आधी. चिपळूणहून हायवेने दक्षिणेला संगमेश्वरच्या दिशेने गेलात की आधी आरवली, मग तुरळ आणि जवळच राजवाडी. तिन्ही ठिकाणी गरम पाण्याचे झरे आहेत. राजवाडीला सोमेश्वराचं जुनं मंदिरही आहे.

"इथे ज्वालामुखी आहे का?" हा प्रश्न गाडीत कुणीतरी विचारणारच. नाही. सह्याद्रीचा काळा दगड ज्वालामुखीतूनच आला, पण त्याला साडेसहा कोटी वर्षं झाली. तो कधीच थंड झाला. पाणी गरम होतं ते खोलीमुळे. पावसाचं पाणी खडकांच्या भेगांमधून खूप खाली जातं. जमिनीत एक किलोमीटर खाली गेलं की तापमान साधारण पंचवीस ते तीस अंशांनी वाढतं. खाली तापलेलं पाणी दुसऱ्या भेगेतून झपाट्याने वर येतं, वाटेत थंड व्हायला वेळच मिळत नाही. आणि अशा भेगांची एक लांबलचक पट्टी किनाऱ्याला जवळपास समांतर गेलेली आहे. म्हणून गणेशपुरी-वज्रेश्वरी, पालीजवळचं उन्हेरे, महाडजवळचं सव, दापोलीकडचं उन्हवरे, राजापूरचं उन्हाळे, हे सगळे झरे नकाशावर टिंबं मांडून बघा, कोकणात एका ओळीत दिसतात. गावांची नावंसुद्धा बघा ना. उन्हेरे, उन्हवरे, उन्हाळे. आपल्या आजी-पणजीने ऊन पाणी म्हणजे गरम पाणी हे नावातच लिहून ठेवलंय.

पण सगळं ऊन पाणी सारखं नसतं. आरवलीचं पाणी चाळीस अंशांच्या आसपास, म्हणजे अंघोळीच्या पाण्यासारखं. राजवाडीचं पन्नाशीच्या पुढे. तुरळचं साठच्या आसपास. साठ अंशांचं पाणी पाच सेकंदांत कातडी भाजून काढू शकतं. त्यामुळे झरा जिथे उगवतो तिथे थेट पाय टाकायचा नाही. आधी गावकऱ्यांना विचारा की अंघोळीचं कुंड कुठलं. मग हाताच्या मागच्या बाजूने पाणी बघा, मग पाय. दहा-पंधरा मिनिटं पुरे. चक्कर आल्यासारखं वाटलं तर लगेच बाहेर. ब्लडप्रेशर किंवा हृदयाचा त्रास असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय उतरू नये, गरोदर बायकांनीही. आणि डोकं पाण्याखाली घालू नका. कोमट गोड्या पाण्यात नेग्लेरिया नावाचा अमीबा असू शकतो. तो नाकावाटे मेंदूपर्यंत पोचतो. आजार फार दुर्मिळ आहे, पण झाला तर बहुतेक वेळा जीवघेणा ठरतो. नाकात पाणी जाऊ दिलं नाही की विषय संपला.

आणखी एक. ही कुंडं म्हणजे रिसॉर्टचा जकूझी नाही. गावातल्या लोकांची अंघोळ तिथे होते, बाजूला देव असतो. साबण-शॅम्पू कुंडात नको, बाटल्या नकोत, स्पीकर नको. बायका अंघोळ करत असतील तिथे मोबाइल खिशातून काढायचाच नाही, "मी तर फक्त व्ह्यू काढत होतो" हे कुणालाही सांगावं लागू नये. ग्रुपमधल्या मुलींनी कपडे बदलायची सोय कुठे आहे ते आधी बघून घ्यावं. सगळीकडे असतेच असं नाही. एक मोठी चादर गाडीत टाका, खूप कामी येते.

नऊच्या आत संगमेश्वरला नाश्ता, मग देवरुखमार्गे मारळ. इथे मार्लेश्वर. पाचेकशे पायऱ्या चढल्या की गुहेत शंकराचं देवस्थान आणि समोर धारेश्वर धबधबा. गुहेत विजेचे दिवे नाहीत, समईच्या उजेडात दर्शन घ्यायचं. दरवर्षी मकरसंक्रांतीला इथे मार्लेश्वराचं लग्न लागतं, साखरप्याच्या गिरिजादेवीशी. गंमत म्हणजे आपला परतीचा रस्ता नवरीच्या गावावरूनच जातो. देवरुखहून साखरपा, तिथून आंबा घाट, मलकापूर, कोल्हापूर, आणि हायवेने पुणे. मार्लेश्वर साडेबाराला सोडलं तर आंबा घाट उजेडात होतो आणि रात्री नऊपर्यंत घर. सोमवारी स्टँडअप मीटिंगला कॅमेरा चालू ठेवता येईल इतपत झोपही मिळते.

खर्च? गाडी पंधराचं ॲव्हरेज देत असेल तर सातशे किलोमीटरला सत्तेचाळीस लिटर पेट्रोल. शंभर-पाच रुपये भाव धरला तर पाच हजारांच्या आत. टोल, मुक्काम, जेवण वेगळं. चौघांत वाटा आणि हिशेब त्याच रात्री मिटवा. मैत्री टिकते.

आता ते, जे शेवटी सांगतो म्हटलं होतं.

३० जून २०२४. रविवार. लोणावळ्यात भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. तो व्हिडिओ तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी बघितला असेल. प्रवाहाच्या मध्ये एकमेकांना धरून उभे राहिलेले लोक, आणि काठावर असहाय गर्दी. ते लोक काही स्टंट करत नव्हते. तुमच्या-माझ्यासारखे सुट्टीला आलेले होते. पाणी वाढलं, आणि मागे यायला वाट उरली नाही.

सह्याद्रीत हे असंच होतं. तुम्ही उभे आहात तिथे ऊन असतं आणि वर पठारावर ढग कोसळत असतात. ते पाणी तुमच्यापर्यंत यायला काही मिनिटं लागतात. त्याच्या खुणा चार: स्वच्छ पाणी अचानक गढूळ होतं, पानं-काटक्या वाहत येतात, आवाज जड होतो, आणि मगाशी दिसत असलेला दगड आता दिसत नाही. यातली एक जरी दिसली तरी बाहेर. चप्पल राहिली तर राहू दे, मोबाइल राहिला तर राहू दे.

पण मला जास्त काळजी वेगळ्याच गोष्टीची वाटते. पाच तास गाडी चालवून आल्यावर "आपण परत फिरूया" हे बोलायचं कुणी? चौघांपैकी तिघांना आतून वाटत असतं, पण "फट्टू" म्हणून घ्यायला कुणी तयार नसतं. म्हणून हा निर्णय धबधब्यासमोर घ्यायचाच नाही. तो गुरुवारी रात्री, घरात बसून, ग्रुपवर लिहून टाकायचा. आमच्या ग्रुपवर पिन केलेला मेसेज असा असतो:

एक, हवामान खात्याने रत्नागिरी, सातारा किंवा कोल्हापूर जिल्ह्याला, म्हणजे घाटभागाला, रेड अलर्ट दिला तर ट्रिप रद्द. चर्चा नाही. रेड म्हणजे चोवीस तासांत दोनशे चार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडू शकतो. ऑरेंज असेल तर धबधबे फक्त लांबून. अलर्ट शुक्रवारी रात्री आणि दोन्ही दिवशी सकाळी बघायचा.

दोन, प्रशासनाने बंदी घातलेल्या ठिकाणी मागच्या वाटेने जायचं नाही. "एक लोकल पोरगा नेतो म्हणाला" हे कारण चालणार नाही.

तीन, रस्त्यावरून पाणी वाहत असेल तर गाडी घालायची नाही, पुढची गाडी गेली तरी.

चार, अंधार पडायच्या आत घाट संपवायचा. नसेल होत तर एक ठिकाण गाळायचं.

पाच, कुणीही एकाने "नको" म्हटलं की सगळ्यांनी मागे फिरायचं. कारण विचारायचं नाही, आणि नंतर चिडवायचं नाही.

पाचवा नियम सगळ्यात महत्त्वाचा, आणि पाळायला सगळ्यात अवघड.

घाटात रेंज जाते, म्हणून मॅप आधीच ऑफलाइन डाउनलोड करा आणि घरी खरा रूट सांगा. आईला "ऑफिसच्या कामाला चाललोय" सांगून गेलात आणि रेंज गेली, तर तुम्हाला शोधणारा माणूस चुकीच्या दिशेला बघत बसेल. नंबर लिहून घ्या: आपत्कालीन मदतीला ११२, रुग्णवाहिकेला १०८, राष्ट्रीय महामार्गावर गाडी अडकली तर १०३३.

शेवटचं, कधी जायचं? भर जुलैमध्ये पाणी जास्त आणि धोकाही जास्त. मला विचाराल तर सप्टेंबरचा शेवट. धबधबे अजून भरलेले असतात, पाऊस दमलेला असतो, पठारं फुललेली असतात, आणि पहाटेच्या गारव्यात आरवलीचं ऊन पाणी स्वर्ग वाटतं. फक्त गणपतीच्या आठवड्यात मुंबई–गोवा हायवेवर जाऊ नका. तो रस्ता तेव्हा चाकरमान्यांचा असतो.

तर मंडळी, रूट तुमच्याकडे आहे, नियमही आहेत. जाऊन या, आणि तुमचा सहावा नियम कुठला असेल ते मला नक्की कळवा. पुढच्या भागात भेटू. तोपर्यंत गाडी सावकाश चालवा!