विजेवरची दुचाकी: मोटर, बॅटरी आणि घरचे सॉकेट

विजेच्या दुचाकीची मोटर दोनच जागी बसते. एक, मागच्या चाकाच्या तुंब्यात. तिला बाजारात हब मोटर म्हणतात. दुसरी, गाडीच्या सांगाड्यात. तिथून पट्टा, साखळी किंवा दाते यांच्यामार्फत फिरकी चाकापर्यंत जाते. २०२० मध्ये आलेली टीव्हीएसची आयक्यूब पहिल्या प्रकारची. त्याच वर्षी बाजारात आलेली बजाजची चेतक आणि तिच्याआधीची एथर ४५० दुसऱ्या प्रकारच्या. १९७२ मध्ये कायनेटिकने अहमदनगरहून बाजारात आणलेली लुना फेब्रुवारी २०२४ मध्ये ई-लुना होऊन परतली, ती हब मोटर घेऊन.

हा फरक केवळ जागेचा नाही. स्कूटरचे बारा इंची रिमचे चाक ताशी ६० किलोमीटर वेगाला मिनिटात जेमतेम सातशे फेरे घेते. हब मोटरलाही तेवढेच फेरे मिळतात, त्यामुळे लागणारा सगळा पीळ तिला तांबे आणि चुंबक यांच्या बळावर द्यावा लागतो. सांगाड्यातली मोटर चाकाच्या सात-आठ पट वेगाने फिरते. तीच ताकद ती लहान आकारात देते आणि चढावर कमी तापते. हब मोटरचे वजन मात्र चाकावरच पडते. खड्ड्याचा दणका स्प्रिंगला कळण्याआधी मोटरला बसतो. तिचा गुण साधेपणाचा: झिजणारे दाते नाहीत, ताणावा लागणारा पट्टा नाही. सपाट रस्त्यावर रोजच्या दहा-वीस किलोमीटरसाठी ती उत्तम. दोन माणसे घेऊन नेहमी चढ चढायचा असेल, तर सांगाड्यातली मोटर घ्यावी.

चढाचा हिशेब सोपा आहे आणि विक्रेत्याच्या माहितीपत्रकापेक्षा अधिक खरा आहे. गाडी आणि दोन माणसे मिळून २७० किलो वजन, दहास एक चढ, ताशी २० किलोमीटर वेग: एवढ्यासाठी केवळ उंची गाठायला सुमारे दीड किलोवॅट लागतात. परवाना आणि नोंदणी यांतून सूट मिळण्यासाठी दुचाकीची शक्ती २५० वॅटच्या आत आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत असावा लागतो. त्या २५० वॅटवर १०० किलोचे वजन याच चढावर ताशी ९ किलोमीटरच्या आसपास चढते, तेही एकट्याने. सूट मिळते म्हणून असे वाहन घेऊन जबलपुरातल्या मदनमहालच्या टेकडीकडे निघणाऱ्याला हे आधी सांगितले गेले पाहिजे.

या मोटरींचा जीव चुंबकात आहे. निओडिमियम, लोह आणि बोरॉन यांचे चुंबक १९८० च्या दशकाच्या आरंभी जपानमध्ये मासातो सागावा यांनी आणि अमेरिकेत जनरल मोटर्सने स्वतंत्रपणे घडवले. उष्णतेतही त्याची शक्ती टिकावी म्हणून त्यात थोडे डिस्प्रोसियम किंवा टर्बियम घालतात. एप्रिल २०२५ मध्ये चीनने याच मूलद्रव्यांच्या निर्यातीवर परवान्याचे बंधन घातले आणि भारतातील दुचाकी कारखान्यांना चुंबकांची टंचाई जाणवली. नव्या मोटरींच्या शोधामागची खरी निकड ही आहे. एक वाट फेराइट चुंबकांची. ते स्वस्त असतात, लोहाच्या ऑक्साइडपासून बनतात; पण त्यांची शक्ती निओडिमियमच्या सुमारे एक तृतीयांश, म्हणून मोटर मोठी आणि जड होते. दुसरी वाट चुंबकच काढून टाकण्याची, म्हणजे रिलक्टन्स मोटरची. तिच्या रोटरमध्ये फक्त आकार दिलेले पोलाद असते. आवाज आणि कंप आवरण्याचे काम कंट्रोलरच्या गणितावर येते. या दोन्ही वाटांवर भारतीय अभियंते काम करत आहेत आणि त्यांना मागणीचा आधार मिळायला हवा.

बॅटरीत लेड-ॲसिडचे दिवस दुचाकीपुरते बहुतांशी सरले आहेत. ई-रिक्षांत ती अजून दिसते. दुचाकीत आता लिथियमचे दोन प्रकार असतात. निकेल-मँगनीज-कोबाल्टची बॅटरी कमी वजनात जास्त ऊर्जा साठवते. लोह-फॉस्फेटची थोडी जड असते, पण अधिक वर्षे चालते आणि भडकायला तिला पुष्कळ जास्त तापमान लागते. जबलपुरात मे महिन्यात पारा ४२ अंशांच्या वर जातो आणि उन्हात उभ्या गाडीतली बॅटरी त्याहूनही तापते. इथे अधिक पल्ल्यापेक्षा लोह-फॉस्फेटचा स्वभाव मोलाचा आहे. २०२२ च्या उन्हाळ्यात देशात दुचाकी पेटण्याच्या घटना घडल्या. त्यानंतर बॅटरी सुरक्षेचे एआयएस-१५६ हे मानक कडक करून डिसेंबर २०२२ आणि मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत लागू केले गेले. जुनी किंवा सुटी बॅटरी विकत घेणाऱ्याने हे मानक विचारल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

मोटर कितीही चांगली असली, तरी ही गाडी रोज रात्री घरातल्या एका सॉकेटवर अवलंबून असते, आणि आज सर्वांत कमी लक्ष तिथेच आहे. ३ किलोवॅट-तासांची बॅटरी ७५० वॅटच्या चार्जरवर चार-साडेचार तासांत भरते. वाटेतली घट धरून मीटरवर सुमारे ३.४ युनिट पडतात. दर ७ रुपये धरला तर २४ रुपये. सॉकेटमधून साडेतीन अँपिअरच्या आसपास प्रवाह वाहतो. आकडा लहान वाटतो, म्हणूनच लोक टीव्हीच्या बोर्डवरून एक्स्टेंशन ओढतात. पण मिक्सर पाच मिनिटे चालतो, चार्जर चार तास. सॉकेटची पकड सैल होऊन तिथे अर्धा ओहम रोध तयार झाला, तर एका बिंदूवर सहा वॅटच्या आसपास उष्णता तासन्‌तास साठत राहते. प्लास्टिक काळे पडते, मग वितळते. कित्येकदा दोष बॅटरीला दिला जातो आणि मूळ कारण भिंतीत असते.

म्हणून चार्जिंगसाठी वेगळी तार, १६ अँपिअरचे सॉकेट, स्वतंत्र एमसीबी, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी आणि खरे अर्थिंग हवे. जुन्या घरांत तिसरी पिन बहुधा नावालाच असते. वायरमनकडून अर्थिंग मोजून घ्यावे. गाडी जिन्याखाली किंवा बाहेर पडण्याच्या एकमेव दाराशी चार्जिंगला लावू नये. उन्हातून आल्यावर तासभर थांबावे. बॅटरी फार तापलेली असेल तर तिची नियंत्रण यंत्रणा स्वतःच चार्जिंग रोखते. तो बिघाड नव्हे, संरक्षण आहे. निकेलची बॅटरी रोज ८०-९० टक्क्यांवर थांबवली तर जास्त टिकते. लोह-फॉस्फेटला मात्र अधूनमधून पूर्ण भरू द्यावे, म्हणजे सेल समतोल राहतात.

सदनिकांत प्रश्न तारेचा नसून संमतीचा असतो. चार्जिंग म्हणजे वीजविक्री नव्हे आणि त्यासाठी परवाना लागत नाही, हे केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने २०१८ मध्येच स्पष्ट केले. घरच्या चालू जोडणीवरून चार्जिंग करण्याची मुभा जानेवारी २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत दिली गेली. सोसायटीची काळजी तरीही निराधार नाही: ४० स्कूटर एकाच वेळी लागल्या तर ३० किलोवॅट भार होतो. त्यावर बंदी हे उत्तर नव्हे. सबमीटर बसवावेत, मंजूर भार वाढवून घ्यावा आणि चार्जिंग मध्यरात्रीनंतर पाळीपाळीने व्हावे. सार्वजनिक केंद्रांचे महत्त्व दुचाकीला दुय्यम आहे. तिथली मोठी अडचण, दर कंपनीचा निराळा प्लग, २०२३ मध्ये भारतीय मानक ब्युरोने हलक्या वाहनांसाठी एकच संयुक्त प्लग प्रमाणित केल्याने सुटू शकते; कंपन्यांनी तो स्वीकारला पाहिजे.

मध्य प्रदेशाच्या २०२५ च्या इलेक्ट्रिक वाहन धोरणात आदर्श शहरांच्या यादीत जबलपूर आहे. राज्याच्या वीज कंपन्यांचे शक्ती भवन याच शहरात आहे, १९४७ पासूनचे अभियांत्रिकी महाविद्यालय इथे आहे, आणि एकेकाळी शक्तिमान ट्रक बनवणारा वाहन कारखानाही इथलाच. अशा शहरात घरोघरचे अर्थिंग आणि सॉकेट तपासण्याची मोहीम निघणे अवघड नाही. शहरातील अभियंते, प्राध्यापक आणि वीज कंपन्यांचे अधिकारी यांनी ती येत्या उन्हाळ्याआधी, एका वॉर्डापासून का होईना, सुरू करावी.