कुरण, गायरान, पडीक



या स्मृतिव्याख्यानासाठी मी ‘गवत’ हा विषय कळविला, तेव्हा शब्द ‘गवत’ आहे की ‘गीत’, अशी पृच्छा करणारे पत्र मला आले. मराठीच्या प्राध्यापकाने गवतावर बोलावे याचे नवल वाटणे स्वाभाविक आहे. परंतु आपण फूलबागेत बसलो आहोत. येथून जवळच, गंगादासांच्या बड्या शाळेत, 1858 च्या जून महिन्यात राणी लक्ष्मीबाईंच्या देहाला गवताच्या गंजीवर अग्नी दिला गेला, असे परंपरा सांगते. घोडा हेच ज्या काळाचे बळ होते, त्या काळी गवताची गंजी ही क्षुल्लक वस्तू नव्हती.

घोडदळावर उभे राहिलेले मराठ्यांचे राज्य एका अर्थी गवतावरच उभे होते. शिवाजी महाराजांचे चिपळूण भागातील छावणीच्या अधिकाऱ्यांना लिहिलेले पत्र आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. रयतेच्या भाजीच्या देठासही हात लावू नये, एवढाच त्याचा आशय आपण शाळेत शिकवितो. ते पत्र पुन्हा सावकाश वाचावे. त्याचा मोठा भाग वैरणीच्या हिशेबाचा आहे. साठविलेली वैरण आजच मनमानीपणे उधळली, तर ऐन पावसाळ्यात घोडी उपाशी मरतील; मग लष्कराचे लोक कुणब्यांच्या घरात शिरतील आणि राज्यावरचा रयतेचा विश्वास उडेल, अशी ती कारणपरंपरा आहे. दिव्याच्या वातीने गवताला आग लागेल, इथपर्यंत काळजी त्यात वाहिली आहे. मराठी गद्यातील व्यवहारज्ञानाचा याहून उत्तम नमुना मला माहीत नाही.

आता शब्दांकडे वळू. कुरण म्हणजे राखलेले गवत. गायरान म्हणजे गावाच्या गुरांसाठी सोडलेले रान. येथील महसुली भाषेत त्याला चरनोई म्हणतात. या शब्दांच्या पोटात कोणाचा तरी हक्क आहे आणि कोणावर तरी राखणीचा भार आहे. ‘पडीक’ या शब्दात दोन्ही नाहीत. इंग्रजी अमलात जमिनीची किंमत तिच्यापासून मिळणाऱ्या साऱ्यावरून होऊ लागली आणि सारा न देणारा गवताळ माळ कागदावर ओसाड ठरला. पुढे जो कोणी तो नांगरू लागला, कुंपण घालू लागला, त्याला कागदाने अडविले नाही.

शास्त्राने मात्र गवताकडे पाठ फिरविली नाही. भारतीय चरागाह आणि चारा संशोधन संस्था 1962 साली झाशी येथे स्थापन झाली. ती ग्वाल्हेर मार्गावरच आहे, म्हणजे आपल्या शेजारी. दबडघाव आणि शंकरनारायण यांचा भारतातील गवतांवरील ग्रंथ 1973 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांनी देशातील गवताळ प्रदेशांचे पाच प्रकार मानले. बुंदेलखंड, माळवा आणि दख्खनचे पठार एकाच प्रकारात पडतात. शेडा आणि मारवेल ही त्यांची मुख्य गवते. आपला महाराष्ट्राशी संबंध शिंद्यांच्या स्वारीपासूनचा, असे आपण समजतो. गवताने तो फार आधी जोडून ठेवला आहे.

चराई बेसुमार झाली की काय होते, तेही या अभ्यासकांनी पाहिले. जनावर गोड गवत आधी खाते. त्याला बी धरू दिले नाही, मुळाशी अन्नसंचय होऊ दिला नाही, की ते मागे पडते आणि कुसळी माजते. तरीही चराई चालूच राहिली, तर पानापेक्षा काडीच अधिक असलेली खुरटी गवते तेवढी उरतात. उपायही सांगितले गेले: रानाचे भाग पाडावेत, आळीपाळीने एकेक भाग बी गळेपर्यंत मोकळा ठेवावा, गवताच्या मानाने गुरांची संख्या बेतावी, स्टायलोसारख्या शेंगवर्गीय वनस्पती मध्ये पेराव्यात. यात अवघड काही नाही. अवघड आहे ते भाग कोणी पाडायचे हे ठरविणे.

शेजारच्या शिवपुरी जिल्ह्यात करेरा येथे 1981 मध्ये माळढोकासाठी अभयारण्य झाले. येथे त्याला सोनचिरैया म्हणतात. शेतकऱ्यांच्या खासगी जमिनीही अभयारण्याच्या सीमेत आल्या आणि त्यांची खरेदी-विक्री अडली. पक्षी हा गावाचा पाहुणा होता, तो वैरी ठरला. विसाव्या शतकाच्या अखेरीस तो तेथून नाहीसा झाला. माळ नांगरला गेला, चराई वाढली, ही कारणे खरीच. पण राखणदार रुष्ट झाला होता, हे कारण मी त्यांच्या आधी मांडीन.

याच्या उलट उदाहरण अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर, जिल्ह्यातील हिवरे बाजारचे. राळेगणसिद्धीचा धडा पुढे ठेवून 1990 च्या दशकात तेथील ग्रामसभेने चराईबंदी केली. गवत कापून आणावे, जनावर दावणीला राहावे, असा नियम झाला. डोंगर हिरवा झाला आणि दूध वाढले. बंदी तीच, परंतु ती घालणारे हात निराळे होते.

तरीही हिवरे बाजारचे गुणगान करताना माझे मन थोडे अडखळते. दावणीला बांधायला ज्याच्याकडे म्हैस नाही, चारच शेळ्या आहेत, त्याने काय करावे? आणि मेंढ्यांचे कळप घेऊन दख्खनचा माळ तुडवीत कोकणात उतरणारा धनगर कोणत्याच ग्रामसभेचा सभासद नसतो. शेतात मेंढ्या बसवून मिळणारे खत शेतकऱ्याला हवे असते. पण गायरानाचा ठराव होतो, तेव्हा त्याला कोणी बोलावीत नाही. गवताची नावे, त्यांची गोडी, कोणते कधी चारू नये, हे ज्ञान मात्र त्याच्यापाशी आहे. संशोधनाचा प्रसार म्हणजे त्याला पत्रक वाचून दाखविणे, ही समजूत सोडली पाहिजे. त्याची नावे आधी आपण लिहून घेतली पाहिजेत.

म्हणून संस्थेला एक विनंती आहे. या शाळेत मुरार, लष्कर आणि आसपासच्या खेड्यांतून मुले येतात. त्यांनी आपापल्या गावचे गुराखी आणि पाल समाजातील मेंढपाळ यांच्याकडून गवतांची नावे नमुन्यांसह गोळा करावीत. झाशीच्या शास्त्रज्ञांकडून ती ओळखून घ्यावीत आणि पुढील पुस्तिकेत छापावीत. गवत फुलोऱ्यावर असतानाच नीट ओळखता येते, आणि तो काळ भाद्रपद-आश्विनाचा. सहामाही परीक्षाही त्याच सुमारास येते. मुख्याध्यापकांनी तेवढी तडजोड करावी.